टू कुठे आणि आयएनजी कुठे, हे मुळात आलं कुठून

इंग्रजीत वॉन्ट असेल तर टू गो आणि एन्जॉय असेल तर गोइंग, असं का विचारलं की बहुतेक वेळा एक यादी मिळते, पाठ करा म्हणून. मला हे कधीच पटलं नाही. दोन्ही रूपं कुठून आली ते कळलं की त्या यादीतलं बरंच काही आपोआप उलगडतं.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११५० च्या आधी, गाणे या क्रियापदाचं रूप होतं सिंगन, टू वगैरे काही नाही. टू तेव्हा साधं 'कडे', 'साठी' अशा अर्थाचं अव्यय होतं आणि ते लावलं की व्हायचं टू सिंगेन्ने, म्हणजे गायला, गाण्यासाठी. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले, नुसतं सिंग उरलं आणि मग टू हीच त्या रूपाची खूण होऊन बसली. कॅन, मस्ट, शॅल यांच्यापुढे आजही टू येत नाही कारण त्यांनी ती जुनी पद्धत सोडलीच नाही.

आयएनजीचं घराणं वेगळं. तो होता उंग किंवा इंग, क्रियापदापासून नाम करणारा प्रत्यय. म्हणून आधी द रीडिंग ऑफ बुक्स, आणि मग मध्ययुगात हळूहळू हे नाम क्रियापदासारखं वागायला लागलं, थेट कर्म घ्यायला लागलं, रीडिंग बुक्स. त्यात भर म्हणजे सिंगेंडे हे गात असलेला या अर्थाचं वेगळं रूपही त्याच काळात झिजून इंग झालं, त्यामुळे आज दोघं दिसायला सारखीच.

आता रिमेंबर बघा. रिमेंबर टू लॉक म्हणजे कुलूप लावायला विसरू नको, काम अजून पुढे आहे, आणि रिमेंबर लॉकिंग म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय, काम झालंय. आपल्या 'लावायला'मधला ला तोच जो 'गावाला जातो'मध्ये आहे, दिशा दाखवणारा! टूचंही अगदी तसंच. स्टॉप टू ईट म्हणजे खायला थांबणं, स्टॉप ईटिंग म्हणजे खाणंच थांबवणं, तेही यातूनच.

पण सगळं यात बसत नाही हेही खरं. अव्हॉइड गोइंगमध्ये जाणं झालेलंच नसतं, तरी आयएनजी. आणि वापर बदलतही राहतो, १९ व्या शतकातल्या लिखाणात अकस्टम्ड टू डू, म्हणजे करायची सवय असलेला, सर्रास दिसतं, आज तिथे अकस्टम्ड टू डूइंग लिहितात कारण तो टू आता परत अव्यय समजला जातो, लुक फॉरवर्ड टू मीटिंगमधल्यासारखा.