नवऱ्याची सही लागते, हे कोणी सांगितलं?

कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठेही विचारा, गर्भपात करायचा तर नवऱ्याची सही लागतेच आणि लग्न झालं नसेल तर विसराच, असंच ऐकायला मिळतं. माझ्या मैत्रिणीला तर एका क्लिनिकच्या रिसेप्शनवरूनच परत पाठवलं, "मिस्टरांना घेऊन या" म्हणे!

अहो, कायदा १९७१ चा आहे आणि त्यात १८ पूर्ण झालेल्या बाईची फक्त स्वतःची संमती लागते, फॉर्म सी वर तिचीच सही, नवरा-सासू कोणाची नाही. वय कमी असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची लेखी संमती. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २४ पर्यंत दोघांचं, पण ते ठराविक कारणांसाठीच. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अविवाहित म्हणून २० ते २४ आठवड्यांत नाकारता येत नाही.

लोकांचा घोळ बहुतेक गर्भलिंग तपासणीमुळे होतो, तो गुन्हा आहे, १९९४ चा वेगळा कायदा. पण ते बोर्ड बघून सगळंच बेकायदेशीर वाटतं आणि मग बाया मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच घेतात, हे खरं डेंजर. ससूनसारखं सरकारी हॉस्पिटल आहे की. नाव गुप्त ठेवणंही डॉक्टरला बंधनकारक आहे, फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद.