बोटीच्या टाकीतील शिळे इंधन : काढणे व विल्हेवाट

बराच काळ उभ्या असलेल्या यांत्रिक बोटीच्या टाकीतले खराब झालेले पेट्रोल किंवा डिझेल, आग लागू न देता आणि पाण्यात सांडू न देता बाहेर काढण्याची क्रिया. बंदरांवर हे नेहमीचे काम असते. समुद्रापासून दूर असलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतही ते दरवर्षी करावे लागते, मात्र दोन्हीकडचा हंगाम नेमका उलटा असतो.

साताऱ्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर बामणोली व तापोळा येथून बोटी चालतात. वासोट्याला जाणारे बामणोलीतून बोट धरतात. हा किल्ला कोयना अभयारण्यात आहे व पावसाळ्यात तो बंद असतो, त्यामुळे पर्यटकांच्या बोटींना ते चार महिने काम नसते. सांगलीत याच महिन्यांत बोटीची गरज पडते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका मानतात. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत नदीकाठच्या गावांना बोटीवाचून इलाज नव्हता. पूर्वी अशा वेळी गुळाच्या काहिलीतूनही माणसे पैलतीरी नेत. काहिलीला टाकी नव्हती, तेव्हा हा प्रश्नही नव्हता. पूर ओसरला की इंजिनाची बोट शेडमध्ये जाते आणि पुढचे नऊ-दहा महिने तिच्याकडे कोणी बघत नाही. टाकीत उरलेले पाच-सात लिटर पेट्रोल तिथेच शिळे होते, आणि ते शिळे झाल्याचे कळते ते पुढच्या पुरात, इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून हात दुखल्यावर.

इंधन शिळे कसे होते : पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण. त्यातले हलके घटक टाकीच्या हवेच्या छिद्रातून उडून जातात. इंजिन थंड असताना पेट घेण्यास हेच घटक लागतात, म्हणून शिळ्या पेट्रोलवर इंजिन सुरू होता होत नाही. उरलेल्या घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे, बारीक भोक बुजवतो.

दुसरे कारण इथेनॉल. भारतात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2022 मध्ये गाठले गेले, आणि 2025 पर्यंत 20 टक्के मिश्रण पंपांवर सर्रास मिळू लागले. त्यातले काही इथेनॉल उसापासून बनते, म्हणजे कृष्णाकाठच्या शेतातला ऊसच एका अर्थी बोटीच्या टाकीत येऊन बसतो. इथेनॉल हवेतली ओल शोषते. 10 टक्के मिश्रणात सामान्य तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी मुरते. 24 लिटरच्या टाकीत ते 120 मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पेलाभर भरते. त्याहून जास्त पाणी झाले किंवा थंडी पडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो. टाकीतली शोषनळी तळाजवळ असल्याने इंजिनात पहिल्यांदा हाच थर जातो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते आणि खालच्या थरात वंगण जवळजवळ नसते. पाण्याच्या थरावर इंजिन कसेबसे चालले तरी पिस्टन जाम होण्याची भीती असते. तळाशी गेलेला थर नवे पेट्रोल ओतून पुन्हा नीट मिसळेल, हा समज खोटा आहे. वरचा थरही इथेनॉल गमावल्यामुळे कमी ऑक्टेनचा, म्हणजे इंजिनात अवेळी पेटू शकणारा, झालेला असतो.

डिझेल हळू बिघडते. त्यात पाणी उतरले तर पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट बुळबुळीत साका फिल्टर बुजवतो.

ओळख : टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन उन्हापासून दूर स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, किंवा गढूळपणा आला, तर सगळी टाकी उपसावी लागते. जुन्या पेट्रोलला आंबूस, वॉर्निशसारखा वास येतो व रंग गडद होतो. रंगावर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण टू-स्ट्रोक ऑइलमुळे ताजे मिश्रणही निळे-हिरवे दिसते.

धोका कुठे असतो : पेट्रोलची वाफ सुमारे उणे 40 अंश सेल्सिअसलाही पेटण्याइतकी सुटते, म्हणजे आपल्या हवेत ती कायमच सुटत असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून न जाता बोटीच्या तळात, फळ्यांखाली, पाणी साचते तिथेच साचते. खोल बोटीत वाकून काम करणाऱ्याला वास येईल, पण काठावर उभ्या माणसाला काहीच जाणवणार नाही. हवेत वाफेचे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तेव्हाच ती पेटते. भरलेल्या टाकीत वाफ याहून दाट असते. टाकी उपसली की आत हवा शिरते आणि प्रमाण नेमके या पट्ट्यात येते. म्हणून काम झाले असे वाटते त्या क्षणी टाकी सर्वांत धोकादायक असते. भोक बुजवायला ‘रिकामी’ टाकी थेट वेल्डिंगच्या दुकानात नेणे हा या कामातला सर्वांत घातक प्रकार होय. नुसते पाण्याने विसळून वाफ जात नाही. टाकी धातूची असेल तर वाफाऱ्याने धुणे, वाफ तपासणे आणि हे काम जाणणाऱ्यानेच हात लावणे आवश्यक ठरते. प्लास्टिकची टाकी बदललेलीच बरी.

ठिणगीचे दुसरे कारण घर्षणाची वीज. पेट्रोल नळीतून वेगाने पडताना विद्युत्भार साचतो. थंडीच्या कोरड्या हवेत नायलॉनचे कपडे घातलेल्या माणसाच्या अंगावरही तो असतो.

पद्धत : बाहेरून बसवलेल्या इंजिनाची (पूर बचाव पथकांच्या भाषेत ‘ओबीएम’ची) टाकी बहुधा सुटी असते. नळी काढून ती टाकी बोटीबाहेर आणावी आणि नदीपासून लांब, मोकळ्या हवेत सपाट जमिनीवर ठेवावी. घाटाच्या पायऱ्यांवर हे काम करू नये, कारण सांडलेले खालीच जाणार. जवळपास बिडी, चूल, चालू जनरेटर असता कामा नये. बोटीतच बसवलेली टाकी असेल तर प्रवासी उतरवून सर्व झाकणे उघडून बोट हवेशीर होऊ द्यावी, आणि वास पूर्ण गेल्यावर टाकी उघडण्याआधी बॅटरीची वायर काढावी. वास असताना वायर काढली तर तिथेच ठिणगी पडू शकते.

इंधन हातपंपाने सावकाश काढावे. बोटीच्या तळातले पाणी उपसायचा विजेवरचा पंप यासाठी वापरू नये, त्याच्या मोटारीत ठिणगी उडते. तोंडाने नळी ओढण्याची सवय मात्र गावोगावी आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे: घोटभर पेट्रोल श्वासनळीत गेले तर फुप्फुसाला सूज येते. कोणाच्या पोटात पेट्रोल गेले तर ओकारी काढू नये, थेट दवाखाना गाठावा. कॅन जमिनीवर ठेवून भरावा, गाडीच्या हौद्यात ठेवून नाही. घर्षणाच्या विजेची ठिणगी टाळण्यासाठी, टाकी व कॅन दोन्ही धातूचे असतील तर तारेने जोडावेत आणि नळीचे टोक कॅनच्या तळाला टेकवावे. कॅन काठोकाठ भरू नये, उन्हात पेट्रोल फुगते. पिण्याच्या पाण्याचा जार किंवा दुधाची किटली यांचा वापर वर्ज्य; पेट्रोलने जार मऊ पडतो, आणि नंतर कोणीतरी त्यातच पाणी भरते. तळाचा शेवटचा साका वेगळ्या डब्यात घ्यावा. हातात पेट्रोलला टिकणारे मोजे हवेत. कोरड्या पावडरचे आग विझवायचे सिलिंडर जवळ असावे. पाणी मारल्यास पेटते पेट्रोल तरंगत पसरते.

पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येते, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात, आणि असे एक भांडे 25 लिटरपेक्षा मोठे चालत नाही. बोट क्लबकडे अनेक टाक्या एकदम उपसायच्या असतील तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

विल्हेवाट : काढलेले इंधन नदीत, ओढ्यात, गटारात किंवा मातीत ओतू नये, कचरा पेटवायलाही वापरू नये. शिवसागराचे काही पाणी वीजनिर्मितीनंतर पश्चिमेला वाशिष्ठीत जाते आणि काही पूर्वेला कोयना नदीतून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. सांगली शहर हेच कृष्णेचे पाणी पिते. पाण्यावर पेट्रोलचा इंद्रधनुषी तवंग दिसला तर साबण ओतून तो ‘विरघळवण्याचा’ मोह टाळावा. तवंग दिसेनासा होतो, पेट्रोल पाण्यातच राहते. सांडलेले लाकडाच्या भुशाने किंवा वाळूने टिपून तो भुसा झाकणाच्या डब्यात ठेवावा. थर वेगळे न झालेले, नुसते जुने पेट्रोल काही फिटर भरपूर ताज्या पेट्रोलात थोडे थोडे मिसळून जुन्या चारचाकीत संपवतात. पुराच्या बोटीसाठी ते वापरू नये. पाणी उतरलेले इंधन हा घातक कचरा असून तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी दिलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावा लागतो. गॅरेजचे जळके ऑइल नेणारा माणूस पाणीमिश्रित पेट्रोल बहुधा घेत नाही, त्यामुळे आधी विचारून मगच टाकी उपसलेली बरी.

साठवण : हंगाम संपताच, सांगलीत दिवाळीच्या सुमारास आणि बामणोलीकडे मे अखेरीस, नळी काढून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतात, अशा वेळी इंजिनाला थंड करणारे पाणी मिळत असले पाहिजे. टाकी कोरडी करून हवेचे छिद्र बंद ठेवतात. इंधन टिकवणारे रसायन बाजारात मिळते, पण ते ताज्या पेट्रोलातच काम करते. आधीच शिळे झालेले त्याने सुधारत नाही. टाकीवर खडूने शेवटच्या भरणीची तारीख लिहायची रीत सोपी आहे, फक्त खडू पहिल्याच पावसात पुसला जातो, ऑइलपेंट टिकतो.