लँकेशायर बाष्पित्र

आडव्या दंडगोलाकार कवचात दोन अग्निनळ्या (आत जाळ असलेल्या व भोवती पाणी असलेल्या रुंद नळ्या) असलेले, वीटकामात बसवलेले बाष्पित्र, म्हणजे पाण्याची वाफ करणारे यंत्र. शासकीय मराठीत ‘बाष्पक’ हा शब्द आहे. मुंबईच्या गिरणगावात मात्र नुसते ‘बॉयलर’ म्हणत.

मँचेस्टरच्या विल्यम फेअरबेर्न व जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये याचे एकस्व (पेटंट) घेतले. जनकत्वाबद्दल मात्र एकमत नाही. एका अग्निनळीचे कॉर्निश बाष्पित्र त्याआधीचे. दोन नळ्याही ‘लँकेशायर विच’ (१८२८) या रेल्वे एंजिनात होत्या. म्हणून एकस्वातील खरे नावीन्य नळ्यांत नसून त्यांच्या तोंडाशी असलेल्या दोन्ही भट्ट्यांत आळीपाळीने कोळसा घालण्यात आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ताजा कोळसा पडलेल्या भट्टीतून काळा धूर उठतो, तेव्हा दुसरीतला कोळसा लालबुंद असतो. दोन्हींचे वायू मागे एकत्र आले की धुरातील न जळलेला भाग पेट घेतो. आगवाल्याने दोन्ही दारे एकदम उघडून फावडी मारली, तर हा फायदा हातचा जातो.

तप्त वायू नळ्यांतून मागे जातात, कवचाच्या तळाखालून पुढे येतात आणि दोन्ही बाजूंच्या वीटमार्गांतून पुन्हा मागे जाऊन धुराड्यात शिरतात. कवच साधारण ७ ते ९ मी. लांब असते. आत पाण्याचा साठा मोठा असल्याने वाफेची मागणी एकाएकी वाढली तरी दाब फारसा उतरत नाही. मात्र थंड बाष्पित्रात वाफ धरायला बराच वेळ लागतो.

मुंबईत कावसजी दावर यांची सूतगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढे गिरण्यांसाठी तंत्रज्ञ घडवणाऱ्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (१८८७, आजची व्हीजेटीआय) यंत्र व वस्त्र अभियांत्रिकी शेजारीशेजारी शिकवली गेली. गिरण्यांतील बाष्पित्रांच्या धुराचा त्रास इतका वाढला, की १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. आळीपाळीची शिस्त कागदावर राहिल्याची ही खूण मानता येईल. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज येऊ लागली व वाफेची एंजिने मागे पडली. तरी खळ, रंगाई व धुलाई या खात्यांना वाफ लागतच राहिली.

१९२३ च्या भारतीय बाष्पित्र अधिनियमाने नोंदणी व तपासणी सक्तीची केली. तपासणीसाठी बाष्पित्र थंड करून रिकामे करतात. निरीक्षक आत उतरून क्षारांचे थर, गंजलेले पत्रे व रिव्हेटांच्या ओळी पाहतो.