‘फात’: कुठे नशीब, कुठे पिंप

अल्बेनियन भाषेत ‘फात’ (fat) म्हणजे नशीब. ‘फातकेच’ म्हणजे दुर्दैवी. स्वीडन आणि नॉर्वेत त्याच तीन रोमन अक्षरांचा शब्द ताटाला, बशीला आणि पिंपालाही लावतात. नॉर्वेतल्या बातम्यांत खनिज तेलाचा भाव एका ‘फात’मागे, म्हणजे सुमारे १५९ लिटरमागे सांगतात. ताटात पडलं ते नशीब, अशी जोडणी मनात येईल, पण ती फसवी आहे. इथे आजचं रूप बाजूला ठेवून एकेक ध्वनी मागे न्यावा लागतो.

अल्बेनियन शब्द लॅटिन ‘फातुम’वरून आला: जे उच्चारलं गेलं ते, म्हणजे विधिलिखित. इ.स.पू. १६८ मध्ये रोमने इलिरियाचा (आजच्या अल्बेनियाचा परिसर) राजा गेंटियस याला हरवलं आणि पुढच्या शतकांत या भागात लॅटिन शब्दांची रीघ लागली. अल्बेनियनमध्ये येताना शेवटचा ‘-उम’ गळला. लॅटिनचा शब्दारंभीचा ‘फ’ बऱ्याचदा मूळ, म्हणजे या सगळ्या भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या, ‘भ’पासून येतो: संस्कृत ‘भ्राता’, लॅटिन ‘फ्रातेर’. ‘फातुम’च्या मुळाशी ‘बोलणे’ या अर्थाचा धातू आहे. संस्कृत ‘भणति’ आणि त्यातून आलेलं आपलं ‘म्हणणे’ही अभ्यासक त्याच धातूशी जोडतात.

शब्द उसना आहे हे कशावरून? अल्बेनियनने स्वतः जपलेल्या शब्दांत मूळ ‘भ’चा ‘ब’ होतो. संस्कृत ‘भर्’ (वाहून नेणे), अल्बेनियन ‘बिए’ (आणणे). शब्द वारशाने आला असता, तर तो ‘ब’ने सुरू झाला असता.

नॉर्डिक, म्हणजे स्वीडन-नॉर्वेतल्या, ‘फात’ची वाट अगदी निराळी. या भाषा, जर्मन आणि इंग्रजी ज्या कुळातल्या, त्या जर्मॅनिक भाषांत मूळ ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘त’ झाला. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम सविस्तर मांडला. संस्कृत ‘पाद’, स्वीडिश ‘फूत’ (पाऊल) ही जोडी त्याचा स्वच्छ नमुना. तोच नियम उलटा लावला की ‘फात’मागे ‘प’ आणि ‘द’ उरतात, आणि लिथुएनियनमध्ये ‘पुओदस’ (मडकं) सापडतो. जर्मन ‘फास’ आणि इंग्रजी ‘वॅट’ हे या घरचे. इंग्रजी ‘फेट’ मात्र अल्बेनियन शब्दाप्रमाणे लॅटिनकडचा.

म्हणजे दोन्ही शब्दांतला ‘फ’ वेगळा, ‘त’ वेगळा. स्वरही वेगळा: लॅटिनमधला मुळातच दीर्घ, तर नॉर्डिकमधला आधी ऱ्हस्व होता, स्वीडिशमध्ये नंतर लांबला. खरं नातं असतं तेव्हा या दोन भाषांतले शब्द बऱ्याचदा इतके सारखे दिसत नाहीत: पाचाला अल्बेनियन म्हणते ‘पेस’, स्वीडिश म्हणते ‘फेम’, आणि दोन्ही ‘पञ्च’चे सख्खे.