फ्लोअरवरून कॅमेऱ्यासमोर: रिदमिक जिम्नॅस्टच्या दुसऱ्या करिअरची पार्श्वभूमी

रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये मुली रिबन, हूप (मोठं कडं), बॉल, क्लब्ज (छोटे मुद्गल) अशी साधनं हातात घेऊन संगीतावर बसवलेला प्रयोग, म्हणजे रूटीन, सादर करतात. रिबन साटीनची असते. सीनियर मुलींसाठी लांबी ६ मीटर, ज्युनियरसाठी ५, रुंदी ४ ते ६ सेंटिमीटर, वजन कमीत कमी ३५ ग्रॅम. पावसाळ्यात कोकणच्या हवेत ही पट्टी ओल धरते. मनगटातून सोडलेली नागमोडी वळणं मग टोकापर्यंत पोचत नाहीत, शेपूट जमिनीला चिकटतं आणि पुढच्या फेकीत गाठ पडते. उपाय साधा आहे. सरावाआधी वर सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवायची, घडी न घालता गुंडाळी करायची आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. मिठाच्या बरणीत घालतो तशी तांदळाची पुरचुंडी डब्यात टाकली तरी फरक पडतो.

ही पट्टी दहा-बारा वर्षं फिरवलेली मुलगी विशीत खेळ सोडते आणि बऱ्याचदा जाहिरातीत, मासिकाच्या मुखपृष्ठावर किंवा टीव्हीवर दिसते. लोक म्हणतात, नशीब काढलं, दिसायला सुंदर होती. त्यात तथ्य थोडं आहे. कॅमेऱ्याला हवं ते शरीर या खेळाच्या नियमांनीच घडवलेलं असतं, आणि त्याची किंमतही त्याच शरीराने मोजलेली असते.

१९५२ च्या हेलसिंकी आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या नेहमीच्या जिम्नॅस्टिक्सला जोडून, हातात साधन घेऊन करायची एक सांघिक स्पर्धा होती. पहिल्या वेळी ती स्वीडनने जिंकली, दुसऱ्या वेळी हंगेरीने. नंतर ती वगळली गेली. दरम्यान सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात बॅले, संगीत आणि कवायत एकत्र करून हा खेळ वेगळा उभा राहत होता. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने १९६२ मध्ये त्याला मान्यता दिली आणि १९६३ मध्ये बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुढे बल्गेरियाने त्यावर मोहोर उमटवली. मारिया गिगोव्हा तीनदा जगज्जेती झाली, आणि १९८७ मध्ये वार्ना इथे बियांका पानोव्हाने प्रत्येक रूटीनला पैकीच्या पैकी १० गुण घेतले.

ऑलिम्पिकचं दार १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला उघडलं. पूर्वेकडच्या बहुतेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे पहिलं सुवर्ण कॅनडाच्या लोरी फंगला मिळालं. १९९६ मध्ये अटलांटाला सांघिक प्रकार आला आणि तो स्पेनने जिंकला.

नियम वाचले की शरीराची घडण कळते. वैयक्तिक रूटीन ७५ ते ९० सेकंदांचं असतं, फ्लोअर, म्हणजे सादरीकरणाची जागा, १३ मीटर लांब आणि तेवढीच रुंद. तोल धरताना आकार किमान १ सेकंद स्पष्ट दिसला पाहिजे. उडीतला स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना ताणणं, १८० अंशांचा हवा. पंचांना लांबून रेषा दिसायला हवी, म्हणून निवड करतानाच लांब पाय, बारीक कंबर, उंच मान, कमानदार पाऊल आणि किंचित मागे झुकणारा गुडघा पाहण्याची रीत पडली. पाच-सहा वर्षांची मुलगी निवडायची, तिच्या पाठीचा पूल करून घ्यायचा, पाय खुर्चीवर ठेवून स्प्लिट जमिनीच्याही खाली न्यायचा. त्यावर अंबाडा, गडद मेकअप, खडे लावलेला लिओटार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख. मोठ्या अंतरावरून चेहरा वाचता यावा हाही तयारीचाच भाग असतो. सोळाव्या वर्षी सीनियर गटात उतरणारी मुलगी त्याआधी दहा वर्षं बघणाऱ्या डोळ्यांसमोर उभी राहायला शिकलेली असते.

त्यात क्षमा नाही. साधन हातातून सुटलं आणि जागेवरच उचललं तर ०.५०, एक-दोन पावलं जाऊन उचललं तर ०.७०, तीन किंवा जास्त पावलं लागली किंवा साधन फ्लोअरबाहेर पडलं तर १.०० गुण कापण्याची पद्धत अलीकडच्या नियमावल्यांत आहे. सिडनी ऑलिम्पिकला २००० मध्ये रशियाच्या अलिना काबायेव्हाचा हूप हातून सुटून फ्लोअरबाहेर घरंगळला. सुवर्णाची दावेदार कांस्यावर आली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रशियाचीच याना कुद्र्यावत्सेवा आघाडीवर होती. क्लब्जच्या रूटीनमध्ये अगदी शेवटच्या क्षणी एक क्लब पडला आणि सुवर्ण तिच्याच देशाच्या मार्गारिता मामूनकडे गेलं. चार वर्षांची मेहनत एका झेलावर! असा ताण पोटात ठेवून हसरा चेहरा ठेवायची सवय ज्यांना लागते, त्यांना फोटोग्राफरच्या दिव्यांची भीती वाटत नाही.

काबायेव्हा १९८३ मध्ये ताश्कंदमध्ये जन्मली आणि प्रशिक्षक इरिना विनरच्या हाताखाली वाढली. पंधराव्या वर्षी युरोपची विजेती, २००४ मध्ये अथेन्सला सुवर्ण. तिच्या अतिलवचिकतेने नव्वदच्या दशकाअखेर या खेळाची चवच बदलली. मधल्या काळात, २००१ च्या जागतिक स्पर्धेतली पदकं फ्युरोसेमाइड सापडल्यामुळे काढून घेतली गेली. हे शरीरातलं पाणी काढणारं औषध आहे आणि त्याने वजन झटकन उतरतं, सगळ्याच खेळांत ते बंदी यादीत आहे. ती राजकारणातही गेली, आणि जानेवारी २०११ मध्ये व्होग या फॅशन मासिकाच्या रशियन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आली.

दक्षिण कोरियाच्या सोन यॉन-जेची वाट वेगळी. २०१० च्या आशियाई खेळांत कांस्य, २०१४ मध्ये इंचॉनला सुवर्ण, लंडनला पाचवी, रिओत चौथी. ऑलिम्पिक पदक एकही नाही, तरी जाहिरातींत तिचा चेहरा देशभर झाला, आणि तोही खेळत असतानाच. २०१७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती निवृत्त झाली. स्पेनची अल्मुदेना सिद १९९६ ते २००८ अशा चार ऑलिम्पिकच्या अंतिम फेऱ्यांत उतरली आणि नंतर टीव्ही आणि अभिनयाकडे वळली. जपानच्या सांघिक चमूच्या नावातच अनेक वर्षं एका सौंदर्यप्रसाधन कंपनीचं नाव राहिलं आहे, ‘फेअरी जपान पोला’. खेळ आणि प्रसाधनांचा बाजार यांचं नातं तिथे उघड आहे.

दुखणं मात्र फोटोत दिसत नाही. रशियाच्या ल्यायसान उत्याशेव्हाचा पाय २००२ मध्ये एका प्रदर्शनात चुकीचा पडला. साध्या क्ष-किरणांत काही दिसलं नाही, ती महिनोन् महिने वेदनेवर सराव करत राहिली. पुढे जर्मनीत तपासणी झाली तेव्हा पावलाच्या मधोमध, घोट्यापुढच्या नेव्हिक्युलर हाडाला बारीक भेगा सापडल्या. होडीच्या आकाराचं हे हाड चवड्यावर उभं राहताना मोठा भार घेतं, आणि त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून भेग सहज सांधत नाही. ती फ्लोअरवर परत आली, २००६ मध्ये निवृत्त झाली आणि टीव्हीवर निवेदिका म्हणून स्थिरावली. कोकणातल्या पालकांनी यातून एवढं घ्यावं: पावलाच्या वरच्या बाजूला, बोटाने दाबल्यावर नेमक्या एका जागी दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मुलीला परत उभी करू नका. एमआरआय किंवा सीटी स्कॅनबद्दल हाडांच्या डॉक्टरांना विचारा. कंबरेच्या खालच्या मणक्याचंही तसंच. मागे वाकल्यावर एका बाजूला टोचणारी कळ म्हणजे लवचिकता कमी पडतेय असं समजून अजून वाकवणं, ही सर्रास होणारी चूक आहे.

दुसरी गोष्ट घरात बोलली जात नाही. खाणं कमी आणि सराव जास्त असं वर्षानुवर्षं चाललं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कच्ची ठेवतं. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा आलेली पाळी सलग तीन महिने चुकली असेल, तर ‘खेळाडू आहे, चालायचंच’ म्हणून सोडू नये. हीच मुलगी उद्या मॉडेलिंगकडे गेली तर तिथेही वजनाचाच काटा असतो, म्हणजे दुखणं मिटण्याऐवजी लांबतं. फॅशनच्या जगालाही हे उशिरा उमगलं. माद्रिदच्या फॅशन वीकने २००६ मध्ये १८ पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) असलेल्या मॉडेल्सना उतरू दिलं नाही, इस्रायलने कायद्याने १८.५ ची अट घातली, फ्रान्सने २०१७ पासून डॉक्टरांचा दाखला सक्तीचा केला. गावठी मोजमाप म्हणाल तर माशाचं कालवण, भात, कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी हे ताटातून काढून फक्त काकडीवर ठेवलेली मुलगी सहा महिन्यांत उडी हरवते.

आपल्या किनाऱ्यावर अडचण सुरू होते ती जागेपासून. गावातला मोठा हॉल बहुधा बॅडमिंटनचा. त्या कोर्टाची लांबी १३.४ मीटर, म्हणजे फ्लोअरला पुरते, पण रुंदी ६.१ मीटर, निम्म्याहून कमी. मुलगी मग सरळ रेषेत सराव करते आणि स्पर्धेत तिरक्या कोपऱ्यात गेली की गोंधळते. छताची उंची कमीत कमी ८ मीटर हवी. कौलारू शाळेच्या छताच्या कैचीला किंवा पंख्याला हूप अडकला की हात आपोआप फेक आखडती घेतो, आणि ती सवय पुढे वर्षभर सुटत नाही. त्यापेक्षा उंच फेकी सकाळी मैदानावर, वारा पडलेला असताना कराव्यात. लादीवर उड्या मारू नयेत, नळीच्या हाडाला सूज येते. हूप गाडीच्या डिकीत उन्हात ठेवला की वाकडा होतो आणि मग जमिनीवर सरळ धावत नाही. बॉल १८ ते २० सेंटिमीटर व्यासाचा, किमान ४०० ग्रॅमचा. घामट तळव्यातून तो निसटतो, म्हणून शेजारी कोरडा पंचा हवा.

जमेची बाजूही आहे. दोरीच्या मल्लखांबावर वाढलेल्या मुलीकडे पकड, पोटाची ताकद आणि उंचीवर डोकं शांत ठेवण्याची सवय असते. कमी असतं ते पावलाचं काम आणि खांद्यांची ढिलाई, ते बसायला साधारण वर्ष-दोन वर्षं लागतात. खाडीपलीकडे ठाण्यात या खेळाची चांगली परंपरा तयार झाली आहे. ठाण्याच्या संयुक्ता काळेने २०२३ मध्ये गोव्यात, म्हणजे याच किनाऱ्यावर झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत ४ सुवर्ण आणि १ रौप्य जिंकलं आणि ओडिशाच्या प्रणती नायकसोबत सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान मिळवला. दक्षिण रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या मुलीला मात्र आजही ठाणं-मुंबई गाठावीच लागते, आणि ही गोष्ट मनाला लागते.

रॅम्पसाठी फॅशनच्या एजन्सी मुलींची उंची साधारण ५ फूट ८ इंचांच्या पुढे बघतात. बऱ्याच जिम्नॅस्ट तिथेच अडतात. त्यांच्यासाठी खेळाचे कपडे, प्रसाधनं, नृत्य आणि टीव्हीवरच्या जाहिराती हे खरं क्षेत्र आहे. उंची असली तरी चाल नव्याने शिकावी लागते. जिम्नॅस्ट चवडा आधी टेकवते आणि पाऊल बाहेर वळवते. रॅम्पवर टाच आधी, पावलं एका रेषेत, हात सैल. उंच टाचेच्या चपलेत जुनी सवय जागी झाली की गुडघा मागे लॉक होतो आणि घोटा मुरगळतो. म्हणून आधी अनवाणी, मग दोन इंच, मग चार इंच असं चढावं, दर टप्प्याला दोन आठवडे तरी द्यावेत. फोटोतही तसंच. फ्लोअरवर ती आकाराच्या टोकाला जाऊन थांबते. कॅमेऱ्याला टोकाच्या थोडं अलीकडचा क्षण हवा असतो, जिथे हालचाल अजून जिवंत आहे. हनुवटी अर्धा इंच खाली, बोटं सुटी, श्वास चालू.

कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पोर्टफोलिओसाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्याकडे जाऊ नये. खरी एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन घेते. मुलगी अठराच्या आतली असेल तर आई-वडिलांची सही आणि शूटिंगच्या जागी त्यांच्यापैकी एकाची हजेरी करारात लिहून घ्यावी. आणि फोटो कोणत्या माध्यमात, किती महिने, कोणत्या देशात वापरणार हे ओळीने लिहिलेलं असावं. ‘सर्व हक्क कायमचे’ एवढंच असेल तर तो कागद परत द्यावा.