पेन्शनरपेक्षा निर्वासिताला जास्त पैसे? खुलासा वाचाच

ब्रिटनमधला एक जुना फॉरवर्ड अजून फिरतोय, की आश्रय मागायला आलेल्यांना सरकार म्हाताऱ्या पेन्शनरांपेक्षा जास्त पैसे देतं. साफ चूक आहे हे.

२०२४ मधले आकडे बघा. अर्ज पेंडिंग असताना राहायची सोय सरकारची, आणि स्वतः स्वयंपाक करत असेल तर माणशी आठवड्याला ४९.१८ पौंड, तेही कार्डावर, आणि हॉटेलात जेवण मिळत असेल तर फक्त ८.८६ पौंड, म्हणजे कपडे, फोन, बसभाडं सगळं त्यातच. त्याच वर्षी एप्रिलपासून पूर्ण नवीन स्टेट पेन्शन होती आठवड्याला २२१.२० पौंड. करा आता तुलना!

बरं, मग खर्च एवढा फुगतो कसा? खर्च खराच प्रचंड आहे, ते कोणी नाकारत नाही, पण तो जातो कुठे ते बघा ना. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनेच (सरकारी खर्च तपासणारी संस्था) २०२५ मध्ये सांगितलं की सोय केलेल्यांपैकी साधारण ३५ टक्के लोक हॉटेलात होते, पण राहण्याच्या कंत्राटांचा सुमारे ७६ टक्के खर्च त्या हॉटेलांवरच होता. म्हणजे पैसा कंत्राटदार आणि हॉटेलवाल्यांकडे जातो, त्या माणसाच्या खिशात नाही. निर्णय रखडले की मुक्काम लांबतो आणि बिल वाढतं.

'मग काम करा की' म्हणणाऱ्यांसाठी: अर्ज करून १२ महिने होईपर्यंत कामाची परवानगी मागताच येत नाही, आणि मिळाली तरी ठराविक यादीतल्याच नोकऱ्या. चिडायचंच असेल तर त्या रखडलेल्या फायलींवर चिडा.