बंदिस्त टोमॅटोला हादरा कुणी द्यायचा?

काचघरात किंवा बंद बाल्कनीत टोमॅटो भरपूर फुलतो, पण फळ धरत नाही. बहुधा फुलात दोष नसतो, त्याला हादरा मिळत नाही एवढेच. टोमॅटोचे फूल द्विलिंगी, स्वतःच्याच परागावर फळणारे. परागकोष एकमेकांना चिकटून त्यांची पिवळी नळी झालेली असते आणि ते उकलतात आतल्या बाजूने. शेतात वाऱ्याने फूल हलते आणि पराग नळीतून कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या पराग झेलणाऱ्या टोकावर पडतो. काही रानमाश्या फुलाला बिलगून अंग थरथरवतात, तेव्हा तर तो भराभर झडतो. पाळीव मधमाशीला ही थरथर साधत नाही, शिवाय या फुलात मधुरस नसतो.

युरोपातल्या काचघरांत म्हणून हे काम माणसाच्या हाती आले. झाडांवर, आधाराच्या तारांवर ठोकत जायचे. पुढे बॅटरीवर थरथरणारी कांडी आली. तरी एकेक घोस हंगामभर हाताळायचा म्हणजे मजुरी जबर. १९३६ मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ फेलिक्स गुस्ताफसन यांनी रसायने वापरून परागाविना फळ धरवून दाखवले आणि संप्रेरकांची फवारणी रूढ होत गेली. पण मात्रा जास्त झाली की फळ आतून पोकळ निघते.

खरा पालट झाला तो बंबलबीमुळे, म्हणजे फुलाला बिलगून थरथरणाऱ्या एका जाड, केसाळ रानमाशीमुळे. बेल्जियमचे पशुवैद्य रोलंड डी योंघे यांनी १९८५ मध्ये टोमॅटोसाठी तिचा उपयोग हेरला, १९८७ मध्ये बायोबेस्ट ही कंपनी काढली आणि काही वर्षांतच युरोपात कांडी मागे पडली. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर परदेशी बंबलबी आणायला परवानगी नाही, त्यामुळे तिथे कांडी अजून चालते.

घरच्या कुंडीलाही तंत्र तेच. पाकळ्या मागे वळल्या की फूल तयार. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, दिवसाआड, इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ घोसाच्या देठाला सेकंदभर टेकवावी. फुलाला नको, नळी दुखावते. खाली काळा कागद धरला तर पिवळी भुकटी दिसते. कुंचला फिरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण पराग नळीच्या आत असल्याने तो फारसा उपयोगी नाही. भुकटी दिसली नाही तर हवा तपासावी. दमट हवेत परागाच्या गुठळ्या होतात. दिवसा तापमान ३२ अंशांवर किंवा रात्री १३ अंशांखाली गेले की परागच निकस निघतो. मग कितीही हलवा, देठाच्या गाठीशी पिवळे पडून फूल गळते. फळ धरले पण लहान, वेडेवाकडे राहिले, तर बहुधा पराग अपुरा पोचून बिया कमी धरलेल्या असतात.